पेटीच्या तळाशी ठेवलेलं नाव

मित्रांनो, जुनी पेटी म्हटली की लोकांना वाटतं, आत सोनंनाणं असणार. माझ्यात कधी गुंजभर सोनं आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी काळ्या पत्र्याची, मिलिटरीतली पेटी आहे. माझे दोन कोपरे चेपलेत, आणि कडीजवळ बुक्की घातल्याशिवाय माझं झाकण बसत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी रोज खाते. तेव्हा माझ्या आवाजात थोडी कुरकुर ऐकू आली तर समजून घ्या.

माझा जन्म जबलपूरच्या छावणी बाजारातला. फलटणकडचा धोंडिराम जगताप नावाचा नुकताच भरती झालेला जवान दुकानात आला, चार पेट्या वाजवून पाहिल्या आणि मला उचललं. पुढं त्यानं पेंटरकडून माझ्या दर्शनी अंगावर पांढऱ्या रंगात नाव लिहून घेतलं. मग आम्ही दोघं हिंडलो. लेहच्या थंडीत माझी कडी हाताला चिकटायची, तेजपूरच्या दमटपणात मला बुरशी आली. इन्स्पेक्शनच्या दिवशी धोंडिराम मला रॉकेलच्या फडक्यानं असा पुसायचा की सुभेदार म्हणायचे, "ट्रंक हो तो ऐसी!" खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार बरं वाटायचं.

धोंडिराम हवालदार झाला, तेव्हा तेही माझ्यावरच्या नावाआधी लिहून घेतलं; पुढं तो निवृत्त झाला, आणि त्याच्याबरोबर मीही. गावात माझ्यावर आधी गोधड्या चढल्या, मग ज्वारीची पोती, आणि शेवटी एका कोंबडीनं माझ्या मागं अंडी घालायला सुरुवात केली. ज्या पेटीला सुभेदारानं वाखाणलं, तिची ही दशा! वीसेक वर्षं मी त्या कोपऱ्यात काढली.

मग धोंडिरामाच्या मुलाचं, महेंद्रचं लग्न झालं. सून आली आम्रपाली. बी. एस्सी. झालेली, मोकळी हसणारी पोरगी. तिची आई ती दहावीत असतानाच गेलेली. मांडव दारातच होता; तिथं नात्यातल्या कुणी बाईनं सुचवलं, "पोरीचं नाव बदला की, महेंद्रला शोभंल असं काहीतरी ठेवा." धोंडिराम कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाला, "नाव काय तिनं भाड्यानं आणलंय, परत द्यायला? तिच्या आई-बापानं ठिवलंय ते ऱ्हाईल." आम्रपालीनं त्या दिवशी सासऱ्याकडं जसं पाहिलं, ते मी कोपऱ्यातून पाहिलं होतं. तेव्हापासून ती त्याला 'आबा' म्हणते ते मनापासून.

पुढं महेंद्रला मिरजेच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम लागलं. राहायचं सांगलीत ठरलं. तीन रविवार तो खोल्या बघत फिरला. प्रत्येक ठिकाणी आडनाव झालं की गाव, गाव झालं की कुलदैवत, आणि कुलदैवतापाशी त्याची गाडी अडली की उत्तर एकच, "खोली कालच दिली हो." पोरगं गावी यायचं ते चेहरा पाडून. शेवटी लॅबमधल्या एका मित्राच्या ओळखीनं विश्रामबागेत वरच्या मजल्यावरची एक खोली फोनवरच ठरली. घरमालकीण साळूबाई, एकटी राहणारी विधवा बाई. तिनं फोनवर काही विचारलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी धोंडिरामानं मला कोपऱ्यातून ओढून काढलं, घासलं आणि स्वतःच्या हातानं भरलं. तळाला आम्रपालीच्या प्रमाणपत्रांची फाइल, त्यावर बुद्ध आणि बाबासाहेब एका चौकटीत असलेली तसबीर टॉवेलात गुंडाळून, मग कपडे. म्हणाला, "आधी ही भितीला लावा, मग गॅस पेटवा." दोघांनी माना डोलावल्या.

आता खरी गोष्ट सुरू होते मित्रांनो, आणि तिची सुरुवात माझ्यामुळंच झाली. टेंपो दारात थांबला. महेंद्र आणि ड्रायव्हर मला खाली घेत होते, तेवढ्यात साळूबाई फाटकाशी आली. साठी उलटलेली, नाकात चमकी, आवाज खणखणीत. तिनं माझ्या अंगावरची अक्षरं बोट फिरवून वाचली. "हवालदार... जगताप! आगं बया, मिलिटरीवालं व्हय तुमी? आमचं मालकबी मिलिटरीतच हुतं! आन् जगताप म्हंजी आपल्यातलंच की!"

महेंद्रनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा जिन्याकडं. नाही म्हणायला एक श्वास पुरे होता. तो म्हणाला, "व्हय काकू."

"आन् पोरीचं नाव काय म्हनला?"

आम्रपाली तोंड उघडणार, त्याच्या आत महेंद्रच बोलला, "अमृता."

माझी कडी महेंद्रच्या घामेजल्या हातात होती. आम्रपालीनं तोंड मिटलं ते तसंच. मला वर नेऊन खिडकीखाली ठेवलं, आणि साळूबाई खालून ओरडली, "भितीला खिळं ठोकू नगा हं, नवा रंग दिलाय!" महेंद्रला तेवढंच निमित्त मिळालं. तसबीर माझ्यातच राहिली. "एकदा ओळख होऊ दे, माणसं कळू देत, मग आपणच सांगू," तो आम्रपालीला म्हणाला. ती म्हणाली, "माझं नाव तू एका सेकंदात बदललंस महेंद्र. आबांनी भर मांडवात बदलू दिलं नव्हतं." त्यावर तो टेंपोतलं उरलेलं सामान आणायला खाली गेला.

तुम्ही म्हणाल, साळूबाई वाईट होती. तिथंच तर घोडं पेंड खातं. ती वाईट असती तर काम सोपं होतं! रोज दुपारी ती जिना चढून यायची आणि माझ्यावर बसायची. होय, माझ्यावरच. आम्रपालीनं माझ्या पाठीवर सतरंजी घातली होती. तिथं बसून साळूबाई लसूण सोलायची आणि शहर शिकवायची. पाणी किती वाजता येतं, भाजी कुठल्या मंडईत घ्यायची, कुठला रिक्षावाला लबाड. आम्रपालीला ताप आला तेव्हा तीन दिवस हिनंच पेज करून आणली. मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी तिला हळदीकुंकवाला खाली बोलवायची. "अमृते, कपाळ असं मोकळं ठिवू नगं गं," म्हणून स्वतःच टिकली लावायची. आम्रपाली वर आली की आरशात बघायची आणि टिकली काढून आरशाला चिकटवायची. मार्गशीर्ष संपला तेव्हा आरशावर चार टिकल्या होत्या.

एका खोट्याच्या मागं दहा खोटी येतात. साळूबाईनं ओळखीच्या बालवाडीत शब्द टाकला. "उद्या जा कागदं घिऊन. बाई चांगली हाय, लगीच ठिवून घील." त्या संध्याकाळी आम्रपालीनं माझ्या तळातून फाइल काढली. प्रत्येक कागदावर ठळक अक्षरात छापलेलं, आम्रपाली. तिनं सगळे कागद एकेक करून पाहिले आणि परत ठेवले. दुसऱ्या दिवशी साळूबाईला म्हणाली, "मला नाही जमणार काकू." साळूबाई फणकारली, "शिकूनसवरून घरात बसायचं! बग बाई, तुजं तू." पोरीला नोकरीची किती हौस होती हे मला ठाऊक होतं. पण ते मी कुणाला सांगणार?

गावाहून धोंडिरामाचा फोन यायचा. "तसबीर लावली का रं?" महेंद्र म्हणायचा, "आबा, मालकीण खिळा ठोकू देत नाही." आणि बघा कसं असतं! जानेवारीत साळूबाई स्वतःच हातोडी आणि नवं कॅलेंडर घेऊन वर आली. "तुमी काय परकं हाय व्हय? हान खिळा." महेंद्रनं खिळा मारला. कॅलेंडर लागलं. आता त्याच्याकडं निमित्तसुद्धा उरलं नव्हतं, तरी पुढच्या फोनवर त्यानं तेच सांगितलं.

माघात आम्रपालीला तिसरा महिना लागला. साळूबाईच्या नजरेतून ते सुटतंय होय? एका दुपारी ती पदराखाली झाकून खण, नारळ, ओंजळभर गहू आणि पाच फळं घेऊन आली. दार लोटलं. पहिलटकरणीची अशी चोरून ओटी भरतात, कुणाला न सांगता. तिनं आम्रपालीला माझ्यावर बसवलं, ओटी भरली, कानशिलावर बोटं मोडली. आम्रपाली हमसून रडायला लागली. साळूबाईला वाटलं, आईची आठवण आली. "रडू नगं गं. मी हाय की. बाळतपन हितंच करायचं, मी करीन." मित्रांनो, आईची आठवण आली होती हे खोटं नाही. पण तिच्या अंगाची थरथर माझ्या पत्र्याला कळत होती, आणि ती नुसत्या आठवणीची नव्हती. जिच्या कुशीत शिरावंसं वाटत होतं, तिला ती अमृता म्हणूनच हवी होती.

त्या संध्याकाळी आम्रपालीनं नवऱ्याला सरळ विचारलं, "लेकरू बोलायला लागलं की त्याला काय शिकवायचं? आईचं घरातलं नाव हे आणि जिन्यावरचं ते?"

महेंद्र म्हणाला, "या अवस्थेत तुला घेऊन मी कुठं फिरू? पुन्हा तीन रविवार? मला भीती वाटते गं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्यावर चिडले होते, पण त्या वेळी मला त्याची दया आली. भित्रा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या भीतीचं ओझं शेजारच्याला वाहावं लागतं.

फाल्गुनात धोंडिराम आला. मिरजेला डोळे दाखवायचे होते. आगाऊ कळवणं वगैरे त्याला माहीतच नाही. एसटी स्टँडवरून थेट फाटकात उभा राहिला आणि मैदानी आवाजात हाक मारली, "आम्रपाली! आगं ए आम्रपाली!"

खाली साळूबाई गहू निवडत बसली होती. "कोन आमरपाली?" तिचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला. महेंद्र धडाधडा जिना उतरला. "काकू, हे आमचे आबा. ते... गावाकडं लाडानं म्हणतात तिला तसं."

धोंडिराम जिना चढून वर आला. सुनेनं पाणी दिलं, ते प्यायला. भिंतीवरच्या खिळ्याकडं आणि कॅलेंडरकडं पाहिलं. मग माझ्यावरची सतरंजी त्यानं बाजूला केली आणि झाकण उघडलं. कपडे सारले. टॉवेलात गुंडाळलेली तसबीर हाताला लागली. म्हातारा तसाच उकिडवा बसून राहिला.

"किती म्हैनं झालं रं?"

"चार, आबा."

"लेहला बर्फात तंबूत असताना मी हिला खांबाला बांधायचो," तो हळू म्हणाला. "तिथं खिळा न्हवता."

महेंद्रनं मान खाली घातली. मला वाटलं आता म्हातारा गरजणार. पण त्यानं तसबीर पुन्हा गुंडाळली, जागच्या जागी ठेवली आणि मला बुक्की न मारता नुसतं झाकण टेकवलं. "पोरगी दोन जिवाची हाय. म्या तुमच्या घरात आग लावायला आलो न्हाई. दुपारची फलटणची गाडी गाठतो. डोळं फुडच्या खेपंला." आणि पिशवी उचलली. त्याचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता, आणि मला ते सहन झालं नाही.

आम्रपालीलाही झालं नाही. ती उठली, सासऱ्याच्या हातातली पिशवी काढून माझ्यावर ठेवली आणि जिन्याच्या तोंडाशी गेली. साळूबाई पाहुण्यासाठी चहा घेऊन अर्ध्या जिन्यात आली होती.

"काकू, माझं नाव अमृता नाही. आम्रपाली आहे. आम्ही बौद्ध आहोत. पहिल्या दिवशी खोटं बोललो. मला माफ करा."

कपबशीचा आवाज झाला. फुटली नाही, नुसती वाजली. साळूबाई म्हणाली, "आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर खोली दिली असती?"

 उरलेल्या पायऱ्या चढून साळूबाईनं चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवला आणि ती खाली गेली. चहा कुणीच घेतला नाही. धोंडिरामाला सुनेनं त्या दिवशी जाऊ दिलं नाही. महेंद्रनं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्याला तसबीर लावली. 

तीन दिवस साळूबाई वर आली नाही. माझ्या पाठीवर कुणी बसलं नाही. आम्रपाली नळावर गेली की ती आत जायची. चौथ्या दिवशी दुपारी पायऱ्या वाजल्या. ती दारात उभी राहिली. बसली नाही.

"तू त्या दिशी इचारलंस. मी तीन दिस इचार केला," ती म्हणाली. "न्हाई दिली असती मी खोली. खोटं बोलून पाप कशाला घिऊ."

"आणि आता?"

"आता मलाच कळंना झालंय. तुज्यावर माजा जीव हाय, पन भावकी तोंडात श्यान घालंल माज्या. तू जरा दिस जाऊ दे. मी बगते, माजं मन काय म्हनतंय."

 मित्रांनो, मी खरं सांगते, मला वाटलं आम्रपाली हो म्हणेल. पोटुशी बाई, परकं शहर, डोक्यावर छप्पर. कुणीही म्हणालं असतं. पण ती म्हणाली, "काकू, खोटं बोललो त्याची माफी मी मागितली. अजून दहा वेळा मागेन. पण मी आम्रपाली आहे याची माफी नाही मागणार. तुमचं मन ठरेपर्यंत मी रोज जिन्यावर निकालाची वाट बघत उभी राहायची का? तुम्ही माझी आईसारखी सेवा केलीत. मला तुमच्यावर रागवायचं नाहीये, म्हणून जाते."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. "जा" म्हणाली नाही, "ऱ्हा"सुद्धा म्हणाली नाही.

चैत्रात टेंपो पुन्हा दारात आला. साळूबाई खिडकीत उभी होती. ज्या नव्या घरी खोलीचं बोलणं झालं होतं, तिथं महेंद्रनं या वेळी उतरल्या उतरल्या सगळं सांगितलं. शब्द अडखळले, पण सांगितलं. घरमालक म्हणाला, मुलीचं लग्न ठरतंय, खोली लागणार आहे. तासभर मी उन्हात तापत टेंपोत पडून होते, आणि आम्रपाली माझ्यावर डोकं टेकून बसली होती. त्या तासात महेंद्रनं पाच फोन केले. मग माधवनगरला एक जागा आहे असं कळलं.

तिथं बंद पडलेल्या सूतगिरणीत एकेकाळी काम केलेला कोंडीबा नावाचा म्हातारा दारात खाट टाकून बसला होता. आम्रपाली खाली उतरली. "काका, मी आम्रपाली. आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर सामान उतरवतो."

कोंडीबानं तिच्या पोटाकडं पाहिलं, मग टेंपोकडं. "पानी सकाळी सहाला येतंय, अर्धाच तास," तो म्हणाला. "मोठं पिंप हाय का तुमच्याकडं? न्हाईतर माजं न्या तवर."

महेंद्र तिथंच रस्त्यावर तोंड फिरवून उभा राहिला. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं तो मला धरायला आला.

आता सगळं छान झालं असं म्हणू? नाही झालं. खोली तापते, लॅब लांब पडते, आणि शेजारच्या एका बाईनं अजून आमच्याकडं पाहून तोंड उघडलेलं नाही. आम्रपाली घरी पाच मुलांची शिकवणी घेते. श्रावणात बाळ होईल. दर आठवड्याला साळूबाईचा फोन येतो. आम्रपाली उचलते आणि आधी म्हणते, "मी आम्रपाली बोलतेय, काकू."  मग साळूबाई विचारते, पाय सुजलेत का, पाठवलेलं लोणचं संपलं का, झोप लागते का. नावानं हाक अजून मारलेली नाही. "अ" म्हणते आणि थांबते. आम्रपाली वाट बघते, आणि फोन ठेवला की थोडा वेळ माझ्यावर येऊन बसते.

म्हणून मित्रांनो, एका म्हाताऱ्या पेटीचं ऐका. माझ्यात गोधड्या ठेवा, स्वेटर ठेवा, नाही तर डांबरगोळ्या घालून लग्नातला शालू ठेवा, मी सगळं जिवापाड सांभाळीन. पण जिवंत माणसाचं नाव माझ्यात ठेवायची वेळ कुणावर आणू नका. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कुणी नवीन आलं आणि त्यानं नाव सांगितलं, तर पुढचं काही विचारायच्या आत ते नाव एकदा पूर्ण उच्चारा. मी पत्र्याची आहे. मला तिला एकदा तरी हाक मारायची होती, पण मला येत नाही. तुम्हाला येते ना?